चाळीसवरचा काटा

मुलाने वडिलांच्या जुन्या पिकअपची बॉडी नव्या इलेक्ट्रिक ट्रकच्या चासीवर चढवून घेतली. डॅशबोर्डही बाबांच्या हट्टापायी जुनाच ठेवला. गाडी दिसल्यावर बाबांना कुठला दम! आईला शेजारी बसवून ते घाटाकडे निघालेसुद्धा.

मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. "काकांना सांगितलंस ना? वेगाचा काटा अजून जुळवायचाय. आहे त्याच्या निम्माच दाखवतोय."

मुलाने घाईघाईने फोन लावला. आईने उचलला.

"आई, बाबांना म्हणावं, गाडी हळू घ्या!"

शेजारून बाबांचं हसणं ऐकू आलं. "अरे, चाळीसच्या पुढे काटा जाऊ दिलेला नाही. इंजिनाचा आवाज म्हणून नाही बघ. वळणं तेवढी आज फार लवकर लवकर येतायत."