आवश्यक आवाज

कुकरची तिसरी शिट्टी झाली तसा कुंदाने गॅस बंद केला. ओट्याला टेकून तिची लेक केतकी काहीतरी सांगत होती. ओठ थरथरत होते, डोळे भरले होते, पण आवाज नव्हता. खर्च कपातीसाठी सरकारने पहिल्या तारखेपासून कुंदाच्या कानातल्या सरकारी श्रवणयंत्रात फक्त आवश्यक आवाज ठेवले होते: हॉर्न, भोंगा, कुकर, दाराची बेल. माणसांचं बोलणं ओळखायला म्हणे फार खर्च येतो. कुंदा दाद मागायला गेली तेव्हा कचेरीतल्या बाईंनी चिठ्ठी लिहून दिली होती, 'बोलणं काय, लिहूनही होतं.'

"लिहून दे गं," कुंदा म्हणाली.

केतकीने पेन हातात घेतलं, तसंच खाली ठेवलं आणि बाहेर निघून गेली. कुंदा भात वाढू लागली.

बेल वाजली. कोणी पाहुणं आलं असेल म्हणून तिने आणखी एक ताट घेतलं आणि दार उघडलं.

बाहेर केतकीच होती. दार उघडलं तरी तिने बेलवरचं बोट काढलं नाही. ती रडत होती आणि बेल वाजत होती.

कुंदा उंबऱ्यातच उभी राहिली. महिनाभरात आज पहिल्यांदा लेक तिला ऐकू येत होती.