खाजणातली मरळ

फोटो तिसऱ्यांदा मोठा करून पाहिल्यावर अच्युतरावांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"विलास खोटं बोलतोय," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी कमलिनीबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

फोटोत विलास रेवदंड्याच्या बाजूला एका खाजणात, भरतीचं खारं पाणी शिरतं तिथल्या चिखलात, गुडघाभर उभा होता. हातात चार किलोंची मरळ. त्याची सासुरवाडी तिकडची, वर्षातून दोनदा तो जायचाच. बायकोने हौसेने काढलेला फोटो भोपाळच्या गळकरी मंडळींच्या क्लबच्या ग्रुपवर पडला आणि सकाळपासून सगळे त्याचं कौतुक करत होते.

मरळ म्हणजे तळ्यातला, धरणातला मासा, ओल्या गोणपाटात दोन-दोन दिवस जिवंत राहणारा. ती खाऱ्या पाण्यात जगेलच कशी? एखाद्या शेततळ्यातून उचलली असणार आणि खाजणात उभं राहून ऐट मारली असणार, असं अच्युतरावांचं म्हणणं.

क्लबातल्या सर्वांत मोठ्या मरळीची नोंद त्यांच्या नावावर होती. साडेतीन किलो, हताईखेड्याचं धरण, गेल्या वर्षीचा डिसेंबर. ती नुसती नोंद नव्हती. बायपासनंतर दोन महिने अच्युतराव सोनागिरीतल्या आपल्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून होते. बोलणं 'हो' आणि 'नको'वर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, माणूस मनातून खचलाय. शेवटी एका सकाळी कमलिनीबाईंनी हट्टच धरला आणि सासुरवाडीहून परतल्याचा शीण अंगात असतानाही विलास गाडी घेऊन दारात आला. धरणावर दोन तास काही लागलं नाही. अच्युतराव गोळी घ्यायला गाडीपाशी गेले, कमलिनीबाईंनी चहा ओतला, आणि तेवढ्यात काठावरून विलासची हाक आली. त्यांच्या गळाची काठी वाकली होती. पुढची दहा मिनिटं ते त्या माशाशी झुंजले, आणि त्या दिवसापासून पुन्हा जेवायला, भांडायला, हसायला लागले. मरळीचं मुंडकं वाळवून, रोगण लावून दिवाणखान्यात टांगलेलं होतं.

विलास गावाहून परतला तसा इंद्रपुरीहून थेट भेटायला आला. कारखान्यातली तीस वर्षांची मैत्री. त्याला काहीच नको होतं. "नोंद तुमचीच राहू द्या, अच्युतराव. मी कुठे मागितलीय?"

तो गेल्यावर अच्युतरावांच्या डोक्यात एकच आलं. खरी मरळ काढणारा माणूस नोंद सोडेल?

त्यांची पुतणी स्वरदा किनाऱ्यावरच्या एका मत्स्य संशोधन संस्थेत होती. तिने फोनवर सांगितलं, माशाच्या कानात बारीक खडा असतो. झाडाच्या खोडात धरतात तशी त्यात वर्षावर्षाची वलयं धरतात आणि ज्या पाण्यात मासा वाढला त्याचे क्षार त्यात उतरतात. त्यावरून पाणी गोडं की खारं ते कळतं.

विलासने मुंडकं बर्फात घालून आणलं होतं. मागितल्याबरोबर त्याने ते आणून दिलं. अच्युतराव जरा गोंधळले. मग ते उठले आणि त्यांनी भिंतीवरचं स्वतःचं मुंडकं खाली काढलं. तुलनेला गोड्या पाण्यातली एक खात्रीची मरळ हवी, असं स्वरदा म्हणाली होती.

विलासचा चेहरा एकदम उतरला. "तुमची कशाला? बाजारातली एखादी पाठवा की."

"बाजारातली कुठून आली कोण जाणे. ही मी स्वतः काढलीय."

कमलिनीबाईही म्हणाल्या, भिंत भुंडी दिसेल, राहू द्या. पण अच्युतरावांना आता हवं ते कळलं होतं. तुलनेचं नाव काढताच गडी घाबरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पार्सल रवाना केलं.

तिसऱ्या दिवशी विलास आला तो दारातच उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता. मरळ विकत घेतली, खाजणात उभं राहून फोटो काढला, क्लबला फसवलं, राजीनामा देतो. खाली सही.

"हे ठेवा. आता ते पार्सल परत मागवा."

"भीती वाटते?"

"हो," विलास म्हणाला. "वाटते."

अच्युतरावांनी कागद दोनदा वाचला. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. स्वयंपाकघराच्या दारात कमलिनीबाई पदराने डोळे टिपत होत्या. तीस वर्षांचा मित्र असा निघावा याचं तिला वाईट वाटतंय, असं त्यांनी मनाशी धरलं. पार्सल त्यांनी परत मागवलं नाही. कागद मात्र क्लबचा सेक्रेटरी परीक्षित याच्याकडे पोचवला. ग्रुपवर लोक नाही नाही ते बोलले. यादीतून विलासचं नाव गेलं आणि सोनागिरीला त्याचं येणंही थांबलं. कमलिनीबाई त्याच्याबद्दल एक शब्द काढत नव्हत्या.

दीड महिन्याने, अच्युतराव अंगणात ऊन खात बसले असताना, स्वरदाचा फोन आला.

"काका, विलासकाकांची मरळ खाजणातलीच आहे. जरा खारं पाणी मरळ सोसते, पिढ्यान् पिढ्या राहतेसुद्धा. ते खरं बोलत होते."

"मग त्यानं खोटं कशाला लिहून दिलं?"

"ते मला नाही सांगता येणार. पण तुमच्या मरळीचाही रिपोर्ट आलाय. तीही तिकडच्याच खाऱ्या पाण्यात वाढलीय, काका. धरणाच्या गोड्या पाण्यात ती एक दिवसही राहिलेली नाही."