नकाराची सोय

जेवणाच्या टेबलावर प्रबंधाचा तक्ता पसरून केतकी दोन भाषांची तुलना करत बसली होती. संगणकातले प्रोग्राम ज्या भाषांतून एकमेकांना निरोप धाडतात, त्या भाषा. पहिल्या भाषेत कुणी काही विचारल्यावर गप्प राहिलं तरी चालतं. दुसरीत उत्तर द्यावंच लागतं, निदान 'जमणार नाही' एवढं तरी.

समोर तिचा नवरा हेरंब बॅग भरत होता. त्याची नागपूरला बदली झाली होती. 'मीही येऊ का?' असं तिनं रविवारीच विचारलं होतं. आज शुक्रवार होता; उत्तर अजून आलं नव्हतं.

"उद्यापासून दूध अर्धा लिटरच सांगितलंय," बॅगेची चेन ओढत तो म्हणाला. "तुला पुरेल ना?"

"पुरेल," ती म्हणाली.

तक्त्यात पहिल्या भाषेपुढे तिनं 'नकाराची सोय नाही' असं लिहिलं होतं. पट्टी धरून तिनं त्यातलं 'नाही' खोडलं आणि वर 'आहे' लिहिलं.