मूड जातो

काका-काकू राहत होते त्या जुन्या इमारतीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो पुतण्याला हवा होता, आणि तोही काकांनीच काढलेला. स्टुडिओ बंद केल्यापासून काकांना इतक्या आर्जवानं कुणी काम सांगितलं नव्हतं. फोटो काढून ते लगेच कॉम्प्युटरला चिकटले.

“काका, दोरीवरचे कपडे काढा हो, मूड जातो,” पुतण्या मागे उभा राहून म्हणाला. कपडे गेले. मग कुंड्या गेल्या, दारावरची नावाची पाटी गेली, खिडकीतला दिवाही मालवला. भिंतीवरच्या भेगा मात्र काकांनी हौसेनं गडद केल्या. शेवटी गॅलरीत उभ्या असलेल्या काकूंवर पाळी आली.

“चाळीस वर्षं भांडून मला घराबाहेर काढता आलं नाही, आज एका बोटानं काढलंत,” काकू म्हणाल्या.

“कलेसाठी गं,” काका म्हणाले. पुतण्यानं त्यांना कडकडून मिठी मारली आणि फोटो नेला.

महिन्याभरानं इमारत पाडायचा हुकूम दारावर चिकटला. सोबत मूळ अर्ज होता, खाली सही पुतण्याची.



‘या इमारतीत कित्येक वर्षं कोणीही राहत नाही. पुराव्यादाखल फोटो जोडला आहे.’