दुसरा अ‍ॅम्प्लिफायर

रविवारी दुपारी स्विलेन आपला नवा अ‍ॅम्प्लिफायर काखोटीला मारून ओग्न्यानच्या घरी आला. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातली ही दोस्ती वीस वर्षं हेडफोनच्या वेडावरच पोसलेली होती. ओग्न्यानची बायको नेव्हेना कॉफी करायला स्वयंपाकघरात गेली.

"तुझा तो डबा ठेव बाजूला," स्विलेन म्हणाला. "लेका, आजवर तू अर्धंच ऐकलंयस."

ओग्न्यानने साठ वर्षांपूर्वीच्या चेलोच्या मैफलीची तबकडी लावली. ती त्याला पाठ होती. आधी त्याने ती आपल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकली, मग हेडफोनची पिन नव्यात घातली.

चेलोच्या मागे, श्रोत्यांत, कुणीतरी हळूच हसलं. मग एक बाई कुजबुजली, "आत्ता नको, त्याला ऐकू जाईल."

आवाज नेव्हेनाचा होता. त्या मैफलीच्या वेळी तिचा जन्मही झाला नव्हता.

त्याने पिन जुन्यात घालून सुई मागे घेतली. तिथे नुसता चेलो होता. पुन्हा नव्यावर लावलं, तर या वेळी कानात स्विलेनचा आवाज आला, "जाऊ दे गं. इतक्या वर्षांत कुठे ऐकलंय त्याने?"

समोर स्विलेन तोंड मिटून बसला होता. मग त्याने विचारलं, "काय रे, आहे ना फरक?"

"नाही. दोन्ही सारखेच," ओग्न्यान कसाबसा म्हणाला.

चेलो मध्येच थांबला. अगदी कानाशी नेव्हेना म्हणाली, "खोटं बोलतोय. कळलंय त्याला."

हेडफोन फक्त ओग्न्यानच्या कानांवर होता. तरीही स्विलेनच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं, आणि स्वयंपाकघरातली कपबश्यांची किणकिण एकाएकी बंद झाली.