मुलानी नकोत

"मला जोडीला ते डॉ. मुलानी नकोत. माझं प्रत्येक समीकरण खोडतात!" डॉ. वसुधा टिपणीसांनी यंत्राला ठणकावलं. कोणत्या शास्त्रज्ञानं कुणाबरोबर काम करायचं, हे हल्ली यंत्रच ठरवायचं.

यंत्रानं डॉ. पेठ्यांचं नाव सुचवलं. पेठे कशालाही मान डोलावत. त्यांच्या जोडीनं वसुधाबाई पुढे काय करतील, तेही यंत्रानं पडद्यावर दाखवलं: ढीगभर शोधनिबंध, पण वाचणारं कुणी नाही. मुलानींबरोबर निबंध एकच, पण त्यातून शेकडो प्रयोगशाळांकडे रेषा फुटलेल्या आणि शेवटी हिवतापाची लस.

वसुधाबाई तडक प्रयोगशाळेत परतल्या.

"आलात? कालचंही चुकलंय तुमचं," मुलानी फळ्यापाशी उभे राहून म्हणाले.

"दाखवा की!" त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "माझी चूक पकडायची दुसऱ्या कुणाची टाप आहे?"