गंजातलं हसू

रोवणीच्या दिवसांत निशा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, रिकाम्या गंजात मोबाईल ठेवायची. भांड्यात आवाज घुमायचा, आणि कोणाच्या आवडीचा विनोदी पॉडकास्ट लावायचा यावरून भांडत-हसत बाया धानाचे पऱ्हे रोवायच्या. आज नवऱ्याच्या तेरवीनंतर नंदाबाई पहिल्यांदाच चिखलात उतरली, तशी निशानं धावत जाऊन मोबाईल बंद केला. सगळ्या मुकाट खाली मान घालून रोवू लागल्या. "काऊन बंद केलं वं?" नंदाबाईनं विचारलं. "ते म्हशीच्या लग्नाचं लाव. लय हासवते. तुहे काका दवाखान्यात पोट धरून हासत होते." निशानं बिचकतच लावलं. "सुरुवातीपासून नको," नंदाबाई म्हणाली. "अर्धं आयकलं आम्ही. पुढचं राहूनच गेलं." "मग घरी नाही आयकलं, काकू?" निशाच्या तोंडून निघून गेलं. नंदाबाईनं हातातल्या पऱ्ह्यांच्या जुडीची गाठ सोडली. "लावलं होतं ना. एकटीले हासताच नाही आलं."